आमच्या गल्लीची जर्मन पशुगणना

जर्मनच्या पहिल्या तोंडी परीक्षेत मला वीसपैकी तीन मिळाले. त्यातला एक ‘गुटन मॉर्गन’चा होता, एक स्वतःचं नाव बरोबर सांगितल्याचा, आणि तिसरा कशाचा हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक जाताना दार हळू लावल्याचा असावा. आमच्या श्रद्धा मॅडम तशा न्यायी आहेत. त्या ओरडत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की पुस्तक इतकं कोरं ठेवलंयस ते दुकानदाराला परत करायचंय का. मग सगळ्या वर्गाला नियम सांगितला. पुढची तोंडी परीक्षा प्राण्यांच्या धड्यावर. दहाच्या खाली जाणाऱ्यांची दिवाळीनंतर संस्कृतच्या तुकडीत रवानगी.

आता कोणी म्हणेल, जा की मग, संस्कृतच्या वर्गात पंखेही चालू आहेत. पण माझं जर्मन ही साधी गोष्ट नाही. ते मी घरात भांडून मिळवलंय, आणि ते माझं आयुष्यातलं पहिलं भांडण होतं.

जूनपर्यंत मी ‘चालेल’ म्हणणारी मुलगी होते. भाजी कुठली करू, चालेल. चुलतबहिणीचा जुना ड्रेस, चालेल. नववीत भाषा निवडायची वेळ आली तेव्हा आईने मला न विचारता फॉर्मवर संस्कृत लिहिलं, कारण मी चालेलच म्हणणार होते. पप्पांचं मत, संस्कृत स्कोअरिंग आहे. पप्पा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांच्या दृष्टीने जगातल्या सगळ्या गोष्टी एकतर स्कोअरिंग असतात किंवा नसतात. आईचं कारण मात्र वजनदार होतं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. आमच्या घरात हे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं. आई म्हणाली, “त्यांना नाही म्हटलं. तुला कोणी नाही म्हणत नाहीये. तर शंभरपैकी शंभर आण.”

मी पोळी खात होते. आणि माझं मलाच कळलं नाही, मी उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, हातात पोळीचा तुकडा तसाच होता. मी म्हणाले, “बाबासाहेबांनी जर्मनीतल्या विद्यापीठातही नाव घातलं होतं. त्यांना जर्मन येत होतं. मला जर्मन पाहिजे.”

पप्पांनी फोन खाली ठेवला. आमच्याकडे ही ऐतिहासिक घटना आहे. आई उठली, पेन आणलं, संस्कृत खोडून जर्मन लिहिलं आणि म्हणाली, “अर्ध्यातून परत आलीस तर बघ.”

त्या दिवसापासून मी म्हणजे वेगळीच निकिता. वर्गात हात वर करते, उत्तर येत असो वा नसो. रिक्षावाल्यांना मीटर टाका म्हणते. एकदा तर मी दुकानात जाऊन दही आंबट निघालं म्हणून सांगून आले, आणि ते दही आमचं नव्हतंच, शेजारच्या काकूंचं होतं. आता मला दहाच्या खाली मार्क मिळाले असते तर मी परत ‘चालेल’वर आले असते. तेव्हा दहा पाहिजेच होते.

नेमके त्याच वेळी आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याहून आले होते. माझे आजोबा, नागोराव रामटेके, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं त्यांनी गावोगावच्या गाईम्हशींना लसी टोचल्या. त्यांना माणसांची नावं आठवत नाहीत, पण कोणाच्या गोठ्यातली कुठली म्हैस लाथ मारायची ते आठवतं. मी शनिवारी गॅलरीत येरझारा घालत चाळीस प्राण्यांची यादी घोकत होते, तेव्हा ते काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते. बराच वेळ ऐकून म्हणाले, “पोरी, हे काहून चाललं हाये? जनावर असं नावानं कळत नसते. जनावराजवळ जावं लागते.”

मग त्यांनी यादी मागितली आणि मराठी अर्थ वाचायला लावले. हत्ती म्हटल्यावर हात हलवला. सिंह, वाघ, अस्वल, माकड, साप, जिराफ, सगळ्यांना हात. म्हणाले, खोडून टाक, ही सगळी वनखात्याकडे येतात. आपल्या खात्यात नाहीत.

मी खोडले. मला माहीत आहे, इथे मी थांबून विचार करायला हवा होता. पण चाळीसचे बारा झाले होते हो. तुम्ही केला असता विचार?

आजोबांनी चार पशुगणना केल्यात. घरोघरी जायचं, जनावर बघायचं, वहीत लिहायचं. तर आपणही तसंच करू, असं ठरलं. त्यांनी माझ्या भूमितीच्या जुन्या वहीत रकाने आखून घेतले : जनावर, संख्या, रंग, वय, मालक, लस. मी प्रत्येक गोष्ट जर्मनमध्ये लिहायची आणि लिहिताना मोठ्यांदा म्हणायची. एकच नियम. डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं, ऐकीव माहिती चालणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आम्ही कसबा पेठेत राहतो. आमच्या गल्लीत माणसं जितकी आहेत त्याहून थोडीच कमी जनावरं आहेत, तेव्हा लांब जायची गरज नव्हती. आजोबांनी पांढरा हाफ शर्ट घातला, खिशाला दोन पेनं, खांद्याला शबनम, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. मी वही धरून मागे. ते इतके सरकारी दिसत होते की मलाही जरा भीती वाटली.

पहिलं घर उत्तरेश्वरकाकांचं. त्यांची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीबाहेर दोन शेळ्या बांधलेल्या असतात. आजोबांनी नमस्कार करून विचारलं, जनावरं किती? काकांनी सांगितलं, दोन. आजोबांनी शेळीचं तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, तीन वर्षांची. मी लिहिलं आणि म्हटलं, त्सीगे, त्स्वाय. म्हणजे शेळी, दोन. काकांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं की साहेब, हे टॅक्ससाठी आहे का. आजोबांचं लक्ष शेळीच्या खुरांकडे. त्यांनी उलट विचारलं, लस टोचली का?

बस, तिथे सगळं बिघडलं. आजोबा एक अक्षर खोटं बोलले नाहीत. पण तुम्ही कोण, हे त्यांना कोणी विचारलंच नाही. वहीत रकाने असलेल्या माणसाला आमच्याकडे तसं कोणी विचारत नाही.

बातमी आमच्यापुढे धावली. साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दीपमालाताईंच्या तीन कोंबड्या रोज दुकानाच्या पायरीवर असतात. आम्ही पोचलो तेव्हा पायरीवर फक्त एक मोठी पाटी उपडी ठेवलेली, आणि ताई तिच्यावर बसून शिवण उसवत होत्या. पाटी क्लक क्लक करत होती. ताईंनी रेडिओ मोठा केला. मी ‘हून, द्राय’ म्हणजे कोंबडी, तीन, असं लिहायला लागले, तर आजोबांनी खोडायला लावलं. दिसल्या नाहीत. नियम म्हणजे नियम.

पुढे वेणूबाई. त्या एकट्या राहतात आणि त्यांच्या मांजरी किती याचा अंदाज गल्लीत कोणालाच नाही. दार अर्धंच उघडलं.

“मांजरं किती?” आजोबांनी विचारलं.

“मांजर? आमच्यात कोणाला आवडतच नाही,” वेणूबाई म्हणाल्या. त्यांच्या पदराखालून एक तांबडं शेपूट बाहेर आलं आणि डावीउजवीकडे हललं.

“ते काय हाये?”

वेणूबाईंनी खाली बघितलं. “पाहुणी आहे,” त्या म्हणाल्या. “आजच जाणारे.”

आतून अजून सहासात पाहुण्या ओरडल्या. मी उत्साहाने म्हटलं, कात्से. वेणूबाईंचा चेहरा उतरला. ही कुठली भाषा, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, जर्मन. बाहेरच्या देशातली. तेव्हा मला काय माहीत, त्यांनी मनात त्याचा काय अर्थ लावला ते. दार लागलं आणि आतून कडी, मग दुसरी कडी.

आम्हाला आनंदाने आत बोलावणारे एकटे तात्याराव. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून तक्रारी करतात. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि गॅलरीतली कबुतरं दाखवली.

“ही लिहून घ्या. पण माझ्या नावावर नाही. ही समोरच्यांची आहेत.”

“त्यांनी पाळली काय?”

“पाळायला काय लागतं? ते ज्वारी टाकतात. खाणं त्यांच्याकडे आणि बाकीचं सगळं माझ्याकडे. मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव लिहा, मी स्पेलिंग देतो.”

आणि लगेच टेबलाच्या खणातून अर्ज काढला. तयार होता, तीन प्रतींत. तारखेची जागा तेवढी मोकळी होती. मी टाउबे, म्हणजे कबुतर, एवढं लिहिलं आणि मोजायला लागले, पण ती एका जागी बसेनात. आम्ही अर्ज घेऊन निघालो, कारण तात्यारावांच्या हातातून आलेला कागद परत देण्याची पद्धत नाही.

बारा वाजेपर्यंत गल्लीत एक जनावर दिसेना. कुत्री कोणाचीच नव्हती, पण तीसुद्धा कोणी कोणी घरात घेतली होती. उत्तरेश्वरकाका आमच्यासमोरून स्कूटरवर गेले. मागे काकू, आणि दोघांच्या मध्ये शेळी. पुण्यात बायका गाडीवर जसा बांधतात तसा शेळीच्या तोंडाला स्कार्फ बांधला होता. सिग्नलला कोणाला संशय आला नसता. दुसरी शेळी दुसऱ्या फेरीत गेली.

आई मंडईतून आली ती पिशवी खाली न ठेवता उभी राहिली. तिला वाटेत तीन जणांनी बातमी दिली होती : महापालिकेचे लोक जनावरं उचलायला आलेत, त्यांच्याबरोबर वेणी घातलेली एक कडक मुलगी आहे, ती परदेशी भाषेत नोंद करते आणि नोंद झालेली मांजरं विमानाने बाहेर जाणार आहेत. आई स्वतः सरकारी कचेरीत नोकरीला आहे. तिने आधी माझ्या वेणीकडे बघितलं, मग वहीकडे.

ती आजोबांना म्हणाली, “बाबा, तुम्ही निवृत्त झाल्याचं खात्याने तुम्हाला कळवलं होतं ना?” आणि मला म्हणाली की आत्ता प्रत्येक दारात जायचं आणि खरं सांगून यायचं. जेवण नंतर.

खरं सांगणं गणनेपेक्षा अवघड निघालं. उत्तरेश्वरकाका आधी चिडले, कारण दोन फेऱ्यांचं पेट्रोल गेलं होतं, आणि मग आपल्याच शेळीच्या स्कार्फची आठवण येऊन हसत बसले. दीपमालाताईंनी पाटी उचलली आणि कोंबड्यांनी आमच्याकडे असं बघितलं की मी त्यांची क्षमा मागितली. तात्यारावांना खरं आवडलंच नाही. ते म्हणाले, जर्मन असो नाहीतर जपानी, अर्ज तुम्ही स्वीकारला आहे, मला पोच द्या. आजोबांनी पोच दिली. ‘अर्ज मिळाला. नागोराव रामटेके, निवृत्त.’ तात्यारावांनी ती फाइलला लावली. आजपर्यंत त्यांना कोणी इतक्या लवकर पोच दिली नव्हती, असं ते म्हणाले.

वेणूबाईंनी मात्र माझं सगळं दाराआडून ऐकून घेतलं. मग दोन्ही कड्या काढून आम्हाला आत नेलं. सगळी मांजरं त्यांनी सकाळपासून स्वयंपाकघरात कोंडली होती आणि त्यामुळे स्वतः चहासुद्धा केला नव्हता. त्या दाराशी स्टूल टाकून बसून राहिल्या होत्या. स्टुलावर एक सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली होती. मी विचारलं ही कशाला. त्या म्हणाल्या, “घेऊन गेलेच असते तर म्हटलं थंडीची एक तरी द्यावी बरोबर. तिकडे बर्फ असतो ना.”

मला खूप लाज वाटली. इतकी की दोन मिनिटं माझा कॉन्फिडन्स कुठे गेला ते मलाही दिसेना. पण वेणूबाईंनी चहा टाकला आणि म्हणाल्या, आता आलीच आहेस तर लिही. नीट लिही. आणि तिकडच्या भाषेत काय म्हणतात ते मलाही सांग.

चौदा मांजरी होत्या. त्या दिवशी आणि सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सगळ्या लिहिल्या. तांबडी, काळी, पांढरी, एका डोळ्याची. कोण कुठून आली, कोणाचं वय किती, कोण कोणाची मुलगी, कोण दूध पीत नाही आणि कोण दुसरीचंही पिते. वेणूबाई एकेकीला उचलून समोर धरायच्या आणि मी बरोबर म्हणेपर्यंत खाली ठेवायच्या नाहीत. मी चुकले की मांजर वैतागायचं. आजोबा सगळ्यांचे कान तपासत होते आणि लसीच्या रकान्यात नाही, नाही, नाही, असं मला लिहायला लावत होते.

मंगळवारी परीक्षा. मी इतक्या रुबाबात आत गेले की मॅडमनी चष्मा वर केला. त्यांनी पहिलं चित्र ठेवलं. हत्ती.

मग सिंह. मग अस्वल, माकड, साप, जिराफ. दहाच्या दहा चित्रं वनखात्याची. धड्याचं नावच मुळी ‘प्राणिसंग्रहालयात’ असं होतं, आणि ते पानाच्या वर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं.

जूनच्या आधीची निकिता रडली असती. मी इंग्रजी शब्द जर्मन आवाजात म्हणायला सुरुवात केली. एलेफांट. बरोबर आलं. गिराफे, बेअर. तीही आली. मला वाटलं, ही भाषा तर फारच सोपी आहे. सिंहाला मी ‘लायोन’ म्हटलं, माकडाला ‘मुंके’ आणि सापाला, पूर्ण आत्मविश्वासाने, ‘स्नेके’. मॅडमनी पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघितलं. दहापैकी तीन.

राहिला दुसरा भाग, दहा मार्कांचा : आपल्या आवडत्या प्राण्याबद्दल बोला. मला सात पाहिजे होते. मॅडमनी जर्मनमध्ये विचारलं, तुझ्याकडे पाळीव प्राणी आहे? मी म्हटलं, नाही. पण फ्राउ वेणूकडे, म्हणजे वेणूबाईंकडे, आहेत. फिअरत्सेन कात्सेन. चौदा मांजरी. आणि मी सुरू झाले. पहिली तांबडी आहे, ती तीन वर्षांची आहे. दुसरी काळी आहे, ती पहिलीची मुलगी आहे. तिसरीला एक डोळा आहे, ती मासे खाते, ती दूध पीत नाही. नवव्या मांजरीपर्यंत मॅडम मान हलवत होत्या. मग त्यांनी मला थांबवलं आणि जर्मनमध्येच विचारलं की या सगळ्या तुला कशा माहीत.

हे पुस्तकात नव्हतं. माझ्याकडे शब्द फार थोडे होते. पण गोष्ट माझी होती, तर मी असतील ते शब्द लावले. आजोबा विचारतात : किती मांजरी? फ्राउ वेणू म्हणतात : एकही नाही. पण मला शेपूट दिसतं. शेपटाचा शब्द येत नव्हता, मी हाताने हलवून दाखवलं. आजोबा विचारतात : हे काय आहे? फ्राउ वेणू म्हणतात : पाहुणी. मग शेळी स्कूटरवर जाते. मग सगळे प्राणी जातात. कुत्रा नाही, कोंबडी नाही, शेळी नाही. फ्राउ वेणू चहा पीत नाहीत, कारण त्या घाबरतात. मी वाईट आहे. आई म्हणते : जा आणि बोल.

श्रद्धा मॅडम हसल्या. आमच्या शाळेत हे कोणी पाहिलेलं नाही, आणि माझ्यावर अजून कोणी विश्वास ठेवत नाही. रुमाल तोंडाला लावून त्या बराच वेळ हसल्या, मग चेहरा सरळ करून वहीत लिहिलं आणि मराठीत म्हणाल्या, “व्याकरणाची वाट लावलीस. पण बोललीस. सात.” आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, “स्नेकेचा पाव मार्क कापायला हवा होता खरं तर.”

दहा. बरोब्बर दहा. मी शाळेपासून घरापर्यंत पळत आले.

आई पोळ्या लाटत होती. मी मार्क सांगितले. तिने विचारलं, वीसपैकी ना. मी म्हटलं, हो, वीसपैकी, पण राहिले मी जर्मनमध्ये. आई म्हणाली, बरं. मला वाटलं तिला वाईट वाटलंय. मी म्हटलं, आई, तुझं संस्कृत राहिलं गं.

“राहिलं कशाने?” ती म्हणाली. “मी फोनवर नाव घातलंय. या शनिवारपासून, दुपारी, सदाशिव पेठेत क्लास आहे.”

“कधी घातलंस?”

“पंधरा दिवस झाले.”

म्हणजे माझी परीक्षा व्हायच्या आधी. मी संस्कृतमध्ये जाणार असते तर घरात संस्कृत आपोआप आलं असतं, तिला नाव घालावं लागलं नसतं. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, पोळी करपतेय, बाजूला हो.

शनिवारी मी तिला सोडायला गेले. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि लक्ष्मी रोड ओलांडताना दोनदा विचारलं की घरी गॅस बंद केला होता ना. क्लास एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. वर्गात सगळी आठवी-नववीची पोरं. आई दारात थांबली. एरवी कचेरीत साहेबांनासुद्धा ऐकवणारी माझी आई चपलांच्या ढिगाशी उभी राहून आपली पर्स नीट करत होती. मी म्हटलं, जा की. ती म्हणाली, जाते ना, घाई काय आहे. मग ती आत गेली आणि मागे जागा असूनही सरळ पहिल्या बाकावर, बरोबर मध्यात बसली.

शिक्षकांनी तिला फॉर्म दिला. ती भरत होती, मध्येच थांबली आणि मला खुणेने बोलावलं. फॉर्म शाळकरी मुलांसाठी छापलेला होता. खाली लिहिलं होतं : पालकाची सही आणि विद्यार्थ्याशी नाते.

“सोडून दे ती जागा,” मी म्हटलं.

“रिकामं ठेवायचं नसतं,” आई म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. नात्यापुढे लिहिलं, मुलगी. शिक्षकांनी फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले की पालकांनी आता बाहेर थांबावं.